टक्केवारी मागण्याआधी प्रश्नावली वाचा

दर दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार आहे, हे वाक्य भाषणांत, अग्रलेखांत आणि जनजागृतीच्या फलकांवर इतक्या वेळा येतं की ते कुठून आलं हे विचारायचं राहूनच जातं. ते आलं बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून. १२ राज्यं, ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती. मुलाखतीच्या वेळी आजारी असलेले १०.६ टक्के निघाले आणि आयुष्यात कधी ना कधी आजार होऊन गेलेले १३.७ टक्के. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता. आपल्या सीमेला लागून असलेल्या गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये मोजणी झाली. आपण मात्र दुसऱ्यांच्या आकड्यावर गेली काही वर्षं भाषणं करतो आहोत.

मग 'आमचा आकडा कुठे आहे' हा प्रश्न उठणारच. आणि तो उठला की लगेच 'जिल्हानिहाय द्या' ही पुरवणी मागणी येते, कारण आपल्याकडे निधीपासून पालकमंत्र्यांच्या बैठकीपर्यंत सगळं जिल्ह्यावर चालतं. राज्याचं स्वतःचं सर्वेक्षण हवंच, यात वाद नाही. पण ३६ जिल्ह्यांच्या ३६ टक्केवाऱ्या छापणारं सर्वेक्षण नको. ते खर्चीक असेल म्हणून नव्हे, त्या टक्केवाऱ्या खोट्या असतील म्हणून. खोट्या म्हणजे कुणी मुद्दाम फुगवलेल्या नव्हेत. प्रामाणिकपणे गोळा केलेल्या, तक्त्यात नीट बसवलेल्या आणि तरीही खोट्या.

रक्तदाब मोजायला यंत्र आहे. नैराश्य मोजायला फक्त प्रश्न आहेत. प्रश्न बदलले, त्यांचा क्रम बदलला, विचारणारा बदलला की आकडा बदलतो. भारतातलाच इतिहास बघा. १९६०च्या दशकात पाँडिचेरीत संशोधक सूर्या यांना हजारी साडेनऊ रुग्ण सापडले, तर पुढच्या दशकात पश्चिम बंगालमध्ये नंदी आणि सहकाऱ्यांना हजारी शंभराच्या वर. दहा-बारा वर्षांत आणि दीड हजार किलोमीटरवर आजार दसपट झाला असं कुणीच म्हणणार नाही. फरक व्याख्येचा आणि विचारण्याच्या पद्धतीचा होता. पुण्यात सुमारे तीन हजार प्रौढांवर झालेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सीआयडीआय या प्रश्नावलीवर आधारलेला होता. आयुष्यात कधी तरी आजार झालेल्यांचं प्रमाण त्यात ५.०३ टक्के आलं. राष्ट्रीय सर्वेक्षणात तेच १३.७. पुणेकरांची मनं देशाच्या पावणेतीनपट खंबीर आहेत, असा अर्थ काढायला काहींना आवडेल. पण प्रश्नावली वेगळी, मोजलेल्या आजारांची यादी वेगळी, काळ वेगळा.

अमेरिकेत हाच धडा फार पैसे मोजून शिकला गेला. १९८० ते १९८५ या काळात पाच शहरांच्या परिसरात सुमारे २०,००० लोकांची पाहणी झाली आणि आयुष्यभराचं प्रमाण ३२ टक्के आलं. १९९०-९२ मध्ये देशव्यापी नमुन्यातल्या ८,०९८ जणांवर दुसरी पाहणी झाली, तेव्हा ते ४८ टक्के निघालं. वयोगट आणि यादी वेगळी होतीच, पण एक कारण फार बोधक आहे. अशा प्रश्नावल्यांत प्रत्येक आजाराचा एक दरवाजा असतो: 'सलग दोन आठवडे मन उदास होतं का?' 'हो' म्हटलं की आत वीस उपप्रश्न, 'नाही' म्हटलं की पुढचा आजार. दोन-तीन दरवाजे ओलांडले की उत्तर देणाऱ्याला हे गणित कळतं आणि तो पुढे 'नाही, नाही' म्हणत सुटतो. म्हणून दुसऱ्या पाहणीत सगळे दरवाजे-प्रश्न सुरुवातीलाच, माणूस ताजातवाना असताना विचारून घेतले आणि उपप्रश्न नंतर ठेवले. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वापरलेली मिनी ही प्रश्नावलीही दरवाज्यांचीच आहे. ती एकामागून एक आजार घेत जाते. यादीत शेवटी येणाऱ्या आजारांचं प्रमाण कमी दिसलं, तर त्यात थकव्याचा वाटा किती हे तपासायला हवं. उपाय सोपा आहे. निम्म्या मुलाखतींत प्रकरणांचा क्रम उलटा ठेवायचा. टॅब्लेटवर मुलाखत असेल तर हे एका ओळीच्या सूचनेचं काम आहे.

राज्याच्या पातळीवर खरा मोह मात्र मिनीचा नसतो. तिच्या मुलाखतीला जास्त वेळ जातो आणि विचारणाऱ्याला काही आठवड्यांचं प्रशिक्षण लागतं. मोह असतो पीएचक्यू-९ सारख्या नऊ प्रश्नांच्या कागदाचा. दोन आठवड्यांतली लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण मिळाले की 'नैराश्याची शक्यता'. पाच मिनिटांत उरकतं, आशाताईंच्या हाती देता येतं, महिन्याभरात लाखभर कागद जमा होतात. दवाखान्यात आलेल्यांतून पुढे कुणाला नीट तपासायचं हे ठरवायला हा कागद उत्तम आहे. लोकसंख्येत आजार किती हे सांगायला तो निरुपयोगी आहे, आणि त्याचं कारण साध्या अंकगणितात आहे.

हा कागद म्हणजे एक चाळणी. समजा, ती खऱ्या रुग्णांपैकी शंभरातल्या ८५ जणांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी शंभरातल्या ८५ जणांना बरोबर सोडून देते. चांगली चाळणी म्हणायची. एका जिल्ह्यात हजार प्रौढांत खरे रुग्ण ३० आहेत. त्यातले २५-२६ पकडले जातात. उरलेल्या ९७० निरोगी लोकांतले १५ टक्के, म्हणजे १४५-१४६ जण, चुकून पकडले जातात. एकूण १७१. अहवालात आकडा छापला जातो १७ टक्के. खरा आहे तीन. शेजारच्या जिल्ह्यात खरे रुग्ण दुप्पट, हजारी ६० आहेत. तिथे ५१ खरे आणि १४१ खोटे मिळून १९२. अहवालात १९ टक्के. आजार दुप्पट, पण तक्त्यात फरक दोन टक्क्यांचा. आता तिसरा जिल्हा घ्या. खरे रुग्ण पुन्हा ३०च, पण तिथल्या बोलीत भाषांतर थोडं ढिलं बसलं आणि निरोगी लोकांना सोडण्याचं प्रमाण ८५ वरून ८० वर आलं. तिथे २५ अधिक १९४, जवळपास २२ टक्के. ज्या जिल्ह्यात आजार सर्वांत जास्त, त्याच्यापेक्षा जिथे भाषांतर बिघडलं तो जिल्हा वर जाऊन बसला. निधी तिकडे जाणार, बातमी त्याची होणार.

हे कागदावरचं भय नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांची मूळ माहिती एकत्र करून केलेल्या तपासणीत पीएचक्यू-९ वर दहाची रेषा धरली तर नैराश्य २४.६ टक्के आलं. त्याच माणसांच्या सविस्तर निदान-मुलाखतीत ते १२.१ टक्के होतं. म्हणजे दुप्पट. तिथे बरीच माणसं रुग्णालयांतली होती. आजार विरळ असलेल्या सर्वसाधारण वस्तीत फुगवटा याहून मोठा होतो, हे वरच्या गणितातून दिसतंच.

चाळणी किती गाळते हे स्थानिक पातळीवर माहीत असेल तर आकडा दुरुस्त करता येतो. पहिल्या जिल्ह्याचंच उदाहरण: १७.१ मधून चुकीने पकडल्या जाणाऱ्यांचे १५ वजा करा, उरले २.१, त्याला ०.७० ने भागा, उत्तर तीन. पण त्यासाठी चाळणीचं ते '८५-८५' आपल्या भाषेत, आपल्या लोकांत कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. दुसऱ्या देशातल्या शोधनिबंधातून उसनं आणून चालत नाही. किमान अडीचशे-तीनशे माणसं, त्यात चाळणीवर अडकलेले निम्मे आणि सुटलेले निम्मे. त्यांची आठवड्याच्या आत मानसोपचारतज्ज्ञाकडून स्वतंत्र मुलाखत व्हावी आणि तज्ज्ञाला चाळणीचा निकाल सांगितलेला नसावा. आजार मोजणाऱ्या यंत्राची ही जुळवणी आहे. वजनकाटा वैधमापनवाल्यांकडून तपासून घेतल्याशिवाय आपण किराणाही घेत नाही.

सुटलेल्यांना का तपासायचं, असं अर्थखातं विचारणारच. त्याला एक हिशेब दाखवावा. दोन हजारांतले ३०० चाळणीवर अडकले, त्या सगळ्यांना तपासलं, ९० आजारी निघाले. सुटलेल्या १,७०० मधून वीसमागे एक, म्हणजे ८५ तपासले आणि त्यात तीन आजारी निघाले. हा प्रत्येक जण वीस जणांचा प्रतिनिधी, म्हणून ६० धरायचे. एकूण १५०, प्रमाण साडेसात टक्के. सुटलेल्यांना तपासलंच नसतं तर साडेचार. शिवाय तिघांऐवजी दोघेच निघाले असते तर साडेसहा. एका माणसाने पूर्ण एक टक्का हलतो! म्हणून सुटलेल्यांतून तपासायची संख्या कंजूषपणे ठरवली की दोन टप्प्यांची (आधी चाळणी, मग तज्ज्ञाची मुलाखत) सगळी रचना डळमळते.

आता भाषा. इथे थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात सर्वेक्षण फसलं तर ते नमुन्यामुळे कमी आणि भाषेमुळे जास्त फसेल.

परदेशी प्रश्नावलीचं मराठी करायची ठरीव रीत अशी: एकाने इंग्रजीतून मराठी करायचं, दुसऱ्याने ते न बघता मराठीचं परत इंग्रजी करायचं, दोन्ही जुळलं की काम झालं. या रीतीत एक गोम आहे. दोघेही शिकलेले, दोघांनाही मूळ संज्ञा माहीत. त्यामुळे 'अपराधी भावना' चं परत बरोबर इंग्रजी होतं आणि सगळे खूष. माजलगावच्या वाडीवर मात्र 'तुम्हाला अपराधी वाटतं का' याचं उत्तर येतं, 'आम्ही काय गुन्हा केलाय?' तिथे विचारावं लागतं की आपल्यापायी घरच्यांचे हाल होतात असं सारखं मनात येतं का.

'काळजी' हा त्याहून अवघड शब्द. चिंतेच्या विकाराचा दरवाजा-प्रश्न असतो, तुम्ही गरजेपेक्षा जास्त काळजी करता का. मराठीत काळजी करणं म्हणजे चिंता करणं आणि काळजी घेणं म्हणजे जपणं. ऐकणाऱ्या बाईच्या मनात दोन्ही एकच होतात. पोरांची काळजी आईने करायची नाही तर कुणी? ती ठामपणे 'हो' म्हणते, आणि तिच्या दृष्टीने तो चांगल्या आईचा दाखला असतो. 'टेन्शन' वापरावं तर ते कर्जापासून लोडशेडिंगपर्यंत सगळ्याला चालतं. 'करमत नाही' हा शब्द उदासीनतेच्या जवळचा वाटतो, पण नव्याने सासरी आलेल्या मुलीलाही करमत नसतं आणि त्यात आजार काही नसतो. 'मन लागत नाही', 'जीव रमत नाही', 'कशात गोडी राहिली नाही' यांतलं शेवटचं बहुतेक भागांत नेमक्या अर्थाने पोचतं.

नकारार्थी प्रश्नांचा घोळ तर मराठीत जन्मजात आहे. 'तुम्हाला कशातच रस वाटत नाही का?' याला 'नाही' असं उत्तर आलं तर रस वाटतो की वाटत नाही? अर्धे सर्वेक्षक एक खूण करतील, अर्धे दुसरी. म्हणून प्रश्नात 'नाही' येऊच द्यायचा नाही: 'आधी ज्या गोष्टी करताना बरं वाटायचं, त्या आता नकोशा झाल्या आहेत का?'

मरणाच्या इच्छेचा प्रश्न घ्या. 'आपण मेलेलं बरं असं वाटतं का' हा आत्महत्येच्या जोखमीच्या यादीत असतो. ऐंशीच्या पुढची माणसं 'आता देवानं न्यावं' हे चहा पिता पिता म्हणतात. ती बोलण्याची रीत आहे, त्याला गुण द्यायचे नसतात. पण त्याच वयाची, खरोखर एकटी पडलेली आणि औषधाच्या गोळ्या साठवून ठेवणारी बाईसुद्धा हेच वाक्य म्हणते. दोघींत फरक करायला त्यापाठोपाठ एकच प्रश्न लागतो: 'असं वाटल्यावर स्वतः काही करावं असं मनात आलं का, काय करावं असं आलं?' तो मूळ यादीत पुढे कुठे तरी असेलही. तो इथे, लगेच यायला हवा.

आणि भ्रमाचे प्रश्न. 'कुणी तुमच्याविरुद्ध कट करतंय असं वाटतं का?' ज्याचा भावाशी बांधावरून तलाठ्यापासून दिवाणी कोर्टापर्यंत वाद चालू आहे, तो 'हो' म्हणेल आणि ते खरं असेल. भाऊबंदकीला कुणी संशयविकार म्हणत नाही. अंगात येणं, देवीचा संचार, कुणी करणी केली हा समज, या गोष्टी वस्तीतल्या अनेकांच्या असतात. त्या विचारणाऱ्याला कितीही खटकल्या तरी आजाराचं लक्षण म्हणून मोजता येत नाहीत. इथे कसोटी एकच: त्याच घरातल्या, त्याच जातीपंथातल्या इतरांना हे वागणं वेगळं, बिघडलेलं वाटतं का? म्हणून अशा प्रत्येक 'हो' पुढे माणसाचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि निर्णय तज्ज्ञाने करायचा.

हे सगळं मुंबईत टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी प्रत्येक बोलीतल्या बारा-पंधरा माणसांसमोर प्रश्न ठेवायचा आणि उत्तर घेण्याऐवजी विचारायचं: मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा, ऐकताना कुठला प्रसंग आठवला, 'कधी कधी' म्हणालात म्हणजे आठवड्यातून किती वेळा? अडलेला प्रश्न बदलायचा आणि पुन्हा नव्या बारा जणांपुढे न्यायचा. अशा तीन फेऱ्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी ही मराठीची रूपं म्हणून भागवता येतील, पण नंदुरबारची पावरी आणि गडचिरोलीची गोंडी यांना स्वतंत्र प्रश्नावली लागते, आणि शहरांतून दखनी-उर्दू. गोव्यात तर प्रश्न कोकणीत आणि कोकणी दोन लिप्यांत. तिथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगाथ संस्थेच्या कामातून हेच पुढे आलं की माणसं आधी थकवा, झोप न लागणं, अंगदुखी सांगतात. मनाचं नंतर, विचारलं तर. प्रश्नावलीची सुरुवात तिथूनच करावी.

नमुन्याच्या बाबतीत एक गैरसमज आधी काढून टाकू. मोठ्या राज्याला मोठा नमुना लागतो असं नाही. उत्तर प्रदेशसाठी जितकी माणसं लागतात, जवळपास तितकीच गोव्यासाठी. ठरवायचं असतं ते एवढंच की आजार किती विरळ आहे आणि आकडा किती काटेकोर हवा. प्रमाण दहा टक्के धरलं आणि दोन टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर सुटी माणसं निवडल्यास ८६४ पुरतात. पण आपण सुटी माणसं निवडत नाही. गाव किंवा वॉर्ड निवडतो आणि तिथली वीस घेतो. एकाच वाडीतली वीस माणसं एकमेकांसारखी असतात, एकच दुष्काळ सोसतात, त्यामुळे वीस माणसांची किंमत दहाएवढीच भरते. ८६४ चे १,७२८ झाले, १५ टक्के नकार आणि बंद घरं धरली की २,००० च्या पुढे. हा एका जिल्ह्याचा हिशेब. ३६ जिल्ह्यांचे ७२,००० होतात. एक सर्वेक्षक दिवसाला चार मुलाखती नीट करू शकतो. साठ जणांचा चमू ३०० दिवस राबेल, आणि तिसऱ्या महिन्यापासून मुलाखती आपोआप छोट्या होऊ लागतील.

आणि एवढं करूनही तीव्र मनोविकृतीबद्दल काही कळणार नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात चालू मनोविकृतीचं प्रमाण ०.४ टक्के होतं. दोन हजारांत आठ माणसं. एका जिल्ह्यात सहा सापडली, दुसऱ्यात अकरा, यावरून काहीही म्हणता येत नाही.

म्हणून विभाग घ्यावेत: कोकण, मुंबई महानगर, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. प्रत्येकी १२५ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस, म्हणजे २,५०० मुलाखती, राज्याच्या १५,०००. दहा टक्क्यांच्या आजाराचं प्रमाण विभागनिहाय दीड-पावणेदोन टक्क्यांच्या फरकाने कळेल. साठ जणांना यासाठी फक्त साठ-पासष्ट दिवस लागतील. वाचलेला पैसा भाषेवर आणि जुळवणीवर घालावा.

घरं निवडायची कुठल्या यादीतून हाही प्रश्न आहे. जनगणना २०११ ची. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. कागदावरच्या गावठाणाच्या जागी आज वीस मजली इमारती आहेत. २०२७ च्या जनगणनेची गटयादी (घरांच्या छोट्या गटांची यादी) हाती येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबावं. नाहीतर निवडलेल्या प्रत्येक गटात आधी घरोघर फिरून नवी यादी करावी आणि त्यातून घरं काढावीत. 'चौकातून उजवीकडे वळा, दर पाचवं घर घ्या' ही पद्धत सोयीची आहे, पण सर्वेक्षक नकळत उघडी, बरी दिसणारी, कुत्रं नसलेली घरं घेतो. बंद घराऐवजी शेजारचं घेणं हे तर सर्रास चालतं. दुपारी उघडं असलेलं घर म्हणजे म्हातारी माणसं, गृहिणी आणि बेकार. कामावर गेलेला तरुण मोजणीतून गायब. किमान तीन फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळी आणि एक सुटीच्या दिवशी, आणि तरीही नाही भेटला तर जागा रिकामी ठेवायची. मराठवाड्यात दसऱ्यानंतर पाडव्यापर्यंत फिरलात तर ऊसतोडणीला गेलेली कुटुंबंच सापडणार नाहीत, आणि सापडलेल्यांवरून बीड जिल्ह्याचं मन ठरवाल.

घरोघरीच्या पाहणीत घर नसलेले येतच नाहीत. पुलाखाली राहणारे, तुरुंगातले, वसतिगृहातले विद्यार्थी, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतले रुग्ण. तीव्र आजार नेमका याच गटांत जास्त. त्यांच्यासाठी वेगळी रीत हवी, आणि ती स्वस्त आहे. एखाद्या तालुक्यात दवाखाने, औषध दुकानं आणि अपंगत्व प्रमाणपत्रांवरून एक यादी करायची. पोलीस पाटील, आशाताई, शिक्षक, मंदिर-दर्ग्यांतली माणसं यांच्याकडून दुसरी. पहिलीत ८०, दुसरीत ६०, दोन्हींत असलेले ४०. मग तालुक्यात अंदाजे १२० माणसं आहेत, म्हणजे दोन्ही याद्यांना न सापडलेली २० जणं कुठे तरी आहेत. तळ्यातले मासे मोजायची ही जुनी युक्ती. दोन याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या नसल्या तर बऱ्यापैकी चालते. नावं मात्र तालुक्याच्या बाहेर जाता कामा नयेत.

मुलाखत कोण घेतं आणि कुठे, यावर फार बोलायची गरज नाही, पण दोन गोष्टी अटळ आहेत. आशाताईंना त्यांच्याच गावात पाठवू नये. त्यांच्यावरचा विश्वास इथे आड येतो, कारण उद्या नळावर भेटणाऱ्या बाईला कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल सांगत नाही. आणि सासू ओसरीवर बसलेली असताना सुनेची मुलाखत म्हणजे सासूची मुलाखत. दोन सर्वेक्षकांनी जोडीने जावं आणि एकाने त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला प्रश्न विचारत गुंतवावं. प्रत्येक मुलाखतीनंतर 'तिसरं कुणी ऐकत होतं का' हा रकाना भरायचा. विश्लेषणात त्या रकान्याने फार काही उघड होतं. आत्महत्येच्या विचारांना 'हो' आलं तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी पर्यवेक्षकाचा फोन, जवळच्या डॉक्टरचं नाव आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक. ही व्यवस्था नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाही.

पण आत्महत्यांचं प्रमाण अशा पाहणीतून निघेल ही आशा सोडावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या, लाखामागे १८.१. आपल्या १५,००० च्या नमुन्यात वर्षाला दोन-तीन. यवतमाळच्या शेतकऱ्यांबद्दल काही कळायचं असेल तर गेलेल्या माणसाच्या घरी, काही महिन्यांनी, वेगळ्या चमूने जावं लागतं. ते वेगळं शास्त्र आहे.

शेवटी उपचारांची दरी. राष्ट्रीय सर्वेक्षणातला '७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत' हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यातला ९२ तंबाखूच्या व्यसनाचा आहे, ७० द्विध्रुवीय विकाराचा. तंबाखू मळणाऱ्याला 'उपचारांपासून वंचित मनोरुग्ण' म्हणून मोजायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण दहातला एक हा जो १०.६ चा आकडा आहे, त्यात तंबाखू धरलेलीच नाही. दोन आकडे एकाच वाक्यात जोडले की गोंधळ होतो. दुसरी अडचण आणखी खोल आहे. 'सध्या आजारी' मोजताना जो माणूस गोळ्या घेऊन बरा आहे, तो आजाऱ्यांत येत नाही. लिथियम या द्विध्रुवीय विकारावरच्या औषधावर दहा वर्षं नोकरी करणारा शिक्षक हिशेबातून बाहेर, आणि उपचार न घेणारा आत. उपचार जितके यशस्वी, तितकी दरी मोठी दिसते. यावर उपाय म्हणजे 'गेल्या वर्षभरात मनासाठी किंवा झोपेसाठी काही औषध घेतलं का' हे सगळ्यांना विचारायचं, आजारी ठरोत वा न ठरोत, आणि गोळ्यांची पाकिटं बघायला मागायची. 'बीपीची गोळी' म्हणून घेतलेली पट्टी झोपेच्या औषधाची निघणं अगदी शक्य आहे. त्यासोबत, आजारामुळे गेल्या महिन्यात किती दिवस कामावर, शेतावर जाता आलं नाही हेही विचारायचं. लक्षणं आहेत पण सगळं नीट चाललंय अशा माणसाला डॉक्टरची गरज आहेच असं नाही, आणि तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ किती लागतील हे त्यावरूनच ठरतं.

इंग्लंडमध्ये १९९३ पासून एकच प्रश्नावली वापरून ही पाहणी पुन्हा पुन्हा होते. १६ ते ६४ वयोगटात चिंता-नैराश्याचे आजार तेव्हा १५.५ टक्के होते, २०२३-२४ मध्ये २२.६. लोक आता अधिक मोकळेपणाने बोलतात म्हणून आकडा वाढला का, हा वाद तिथेही आहे. पण वाद घालायला निदान दोन तुलना करण्याजोगे आकडे तरी आहेत. आपल्याला तसे हवे असतील तर पहिल्या खेपेची मराठी प्रश्नावली, जुळवणीचे निकाल आणि नावं काढून टाकलेली मूळ माहिती तिच्या भारांसकट (कोण किती जणांचा प्रतिनिधी धरला त्या हिशेबासकट) जाहीर करावी लागेल. आणि प्रश्नावली अहवालानंतर परिशिष्टात नव्हे, मुलाखती सुरू होण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे 'काळजी' या शब्दावर कुणाला हरकत घ्यायची असेल तर वेळ हातात असेल.